कुलुपातला दीर्घ लू

९ जानेवारी

बाईसाहेब,

पत्र लिहायचं असं तू सांगून गेलीस म्हणून लिहितोय. फोन नको, कारण फोनवर मी फक्त वस्तू कुठे आहेत तेवढंच विचारतो, हे तुझं म्हणणं. ते साफ खोटं आहे. तुझ्या गुडघ्याचीही चौकशी करतो. असो. नेलकटर कुठे आहे हे या पत्रात मी विचारणार नाही. सापडलेलं नाही, एवढंच कळवतो.

सगळे विचारतात. वरच्या मजल्यावरच्या ‘बातम्या’ काकूंनी जिन्यातच गाठलं. म्हणाल्या, "वहिनी दिसत नाहीत हल्ली?" मी म्हटलं, "वेगळ्या घरी राहायला गेली." त्यांनी इतका गंभीर चेहरा केला, की मला वाटलं आता पाठीवर हात फिरवतात. मग मला सगळं समजावून सांगावं लागलं. भांडण नाही, वकील नाही, कागदपत्र नाहीत. बाई छापखान्यातून निवृत्त झाल्या, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका तपासून कंटाळल्या, आणि आता स्वतःच्या पेन्शनीत एका खोलीचं घर घेऊन एकट्या राहणार आहेत. काकू म्हणाल्या, "म्हणजे ते व्हिडिओत दाखवतात तसं?" मी म्हटलं, हो, तसंच.

लेकीलाही फोन केला होता. वाटलं, ती तरी तुला चार शब्द सुनावेल. तर ती म्हणाली, "बाबा, आजकाल खूप नवरा-बायको असे राहतात. प्रेम असतं, फक्त पत्ता वेगळा असतो." मी विचारलं, मग तू आणि जावईबापू का नाही राहत तसे? तर म्हणे, "आम्हाला दोन घरांचं भाडं कुठे परवडतं?" म्हणजे तत्त्व वगैरे काही नाही, परवडलं की झालं.

तुझ्या घराचा भाडेकरार जूनमध्ये संपतो. तोवर ‘बघू’ असं तू म्हणाली आहेस. मी बघतोय.

एक गोष्ट मात्र मनाला लागली आहे, ती सांगून टाकतो. इतकी वर्षं कुलुपवाल्याशी संसार केलास आणि स्वतःच्या दाराला कुलुप बाजाराच्या त्या टोकाच्या माणसाकडून बसवून घेतलंस. त्याच्याकडून! जो बिजागरीला खिळे ठोकतो! मी तुला विचारलं तेव्हा तू शांतपणे म्हणालीस, "तुम्ही कुलुप बसवलं असतं तर एक किल्ली तुमच्याकडे राहिली असती."

तुझी या घराची किल्ली दारामागच्या खिळ्याला आहे. तूच लावून गेलीस. मी हलवलेली नाही.

घरी परत कधी येतेस?

तुझा,
मी


२४ जानेवारी

प्रिय मुद्रितशोधक बाई,

पाकीट आलं तेव्हा आनंद झाला. उघडलं तर आत माझंच पत्र, लाल शाईने रंगवलेलं! नवऱ्याच्या पत्राला उत्तर म्हणून प्रूफ तपासून पाठवणारी बायको या पृथ्वीतलावर दुसरी नसेल.

सगळी कुलुपं दुरुस्त केलीस. समासात नियमही लिहिलास: ‘कुलूप. लू दीर्घ. पण कुलुपाला, कुलुपाची, यात ऱ्हस्व. शब्द एकटा असला की दीर्घ, पुढे काही जोडलं की ऱ्हस्व.’ हे तू मला दुकानाची पाटी रंगवली त्या दिवसापासून सांगते आहेस. मीही तुला त्या दिवसापासून सांगतो आहे, की गिऱ्हाईक उकार मोजून दुकानात शिरत नाही. पाटीवर ‘कुलुप’ आहे म्हणून आजवर कोणी किल्ली न करता परत गेलेलं नाही. तरी या पत्रात काळजी घेतो आहे. बघ, कुलूप. कुलूप. कुलूप. झालं समाधान?

शेवटच्या ओळीबद्दल मात्र माझं समाधान झालेलं नाही. ‘घरी’ या शब्दाखाली रेघ आणि समासात ‘कोणाच्या?’ आणि ‘परत’ या शब्दावर नुसतं प्रश्नचिन्ह. बाई, ही शुद्धलेखनाची चूक नाही. हा प्रश्न होता. प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं.

नेलकटर सापडलं. मी विचारलेलं नसताना समासात ‘औषधांच्या डब्यात’ असं लिहिल्याबद्दल आभारी आहे. ते वाचून बरं वाटलं, हे कबूल करतो.

तुझा,
कुलूपवाला


१६ फेब्रुवारी

बाईसाहेब,

आज दुकानात बसल्या बसल्या लिहितोय. सकाळपासून तीन घरांत जाऊन आलो आणि तिन्ही ठिकाणी एकच काम. बाहेरच्या दाराचं नाही, आतल्या खोल्यांचं. एका घरात नवरा-बायको दोघंही घरूनच ऑफिसचं काम करतात. त्याला त्याच्या खोलीला कुलूप हवं, तिला तिच्या. दुसऱ्या घरात दोघं वेगवेगळ्या खोल्यांत झोपतात. बाई अगदी सहज म्हणाल्या, "काका, झोप चांगली लागते, म्हणून भांडणंही कमी झाली." नवरा मागे उभा राहून मान डोलवत होता. पूर्वी चोर बाहेर राहावा म्हणून लोक कुलूप घ्यायचे, आता घरातलं माणूस बाहेर राहावं म्हणून घेतात. धंदा चांगला आहे. माझी तक्रार नाही.

तू एकदा म्हणाली होतीस ते त्या घरात आठवलं. "या घरात बंद दार म्हणजे नुसतं दिसायला." मी तेव्हा हसलो होतो. मला ती माझ्या कामाची तारीफच वाटली. आपल्या घरात मला न उघडणारं दार नाही, यात वाईट काय? तू वाचत बसलेली असायचीस, मी दार उघडून विचारायचो, कात्री कुठे आहे. कात्री खरंच सापडत नसायची, हेही लक्षात घे.

दुसरी गोष्ट. मी गिऱ्हाइकाला विचारतो ना, "एक की दोन?" पूर्वी लोक म्हणायचे, दोन कशा, चार करा. सासूबाईंना, थोरल्याला, धाकट्याला, कामवाल्या बाईंना. आता "एकच" म्हणतात. मग मी माझं ठरलेलं भाषण देतो, जे तुला पाठ आहे. नवी किल्ली रोज वापरा, ओरिजिनल विश्वासाच्या माणसाकडे ठेवा, कारण नकलेवरून नक्कल काढली की दाते बिघडतात आणि मग कुलूप रुसतं. परवा एका मुलीला हेच सांगितलं. बँकेत नोकरीला, या गावात एकटी. म्हणाली, "काका, असं कोणी नाही माझं इथे. तुमच्याकडेच ठेवू का?"

नाही कसं म्हणणार? चिठ्ठी बांधून फळीला अडकवली. तिने बहुधा ऑफिसात सांगितलं असावं, कारण आता त्या फळीवर बऱ्याच किल्ल्या झाल्या आहेत. एक निवृत्त भूलतज्ज्ञ डॉक्टर आहेत, एक मांजरवाले गृहस्थ आहेत, एक नाचाच्या शिक्षिका आहेत. सगळे एकटे, सगळे मजेत दिसतात, आणि सगळ्यांची दुसरी किल्ली माझ्याकडे.

तुझी नाही.

तुझी दुसरी किल्ली कोणाकडे आहे? शेजारी आहे का कोणी नीट? हे मी काळजीपोटी विचारतो आहे, हक्क म्हणून नाही. (हे वाक्य लाल करू नकोस.)

तुझा,
कुलूपवाला


८ मार्च

बाईसाहेब,

छोटंसं पत्र.

काल तुझ्या इमारतीत कामाला आलो होतो. तुझ्या वरच्या मजल्यावर. मुद्दाम नाही, खरंच बोलावणं होतं, त्यांच्या कपाटाची किल्ली आत मोडली होती. उतरताना तुझ्या दारावरून गेलो. कुलूप पाहिलं. माणसाने सरळ बसवलं आहे, ते मान्य करायला हवं.

आतून तू गात होतीस.

मी हत्यारांची पिशवी घेऊन तिथेच उभा राहिलो. बेल वाजवली नाही. तू गातेस हे मला ठाऊकच नव्हतं. लग्नाआधी गायचीस असं तुझी आई एकदा म्हणाली होती, मी ते बोलणं तसंच सोडून दिलं होतं. काल तू अगदी मोकळ्या आवाजात गात होतीस, भांडी आपटत, मधेच शब्द विसरून परत पहिल्यापासून. आपल्या घरात तू कधी इतक्या मोठ्याने बोललीसुद्धा नाहीस.

जिना उतरताना तो तुझा नियम डोक्यात घोळत होता. एकटा असला की दीर्घ, पुढे काही जोडलं की ऱ्हस्व. मला वाईट वाटलं. तुझ्यावर राग नाही आला, हे मात्र खरं.

तुझा


१२ एप्रिल

बाईसाहेब,

समासात लिहिलंस, ‘बेसूर होतं का?’ होतं. पण ऐकत राहावंसं वाटलं.

आता माझी फजिती ऐक. ‘बातम्या’ काकूंकडून तुझ्यापर्यंत पोचण्याआधी माझ्याकडूनच कळलेली बरी.

रविवारी सकाळी कचरा टाकायला खाली गेलो. घरातल्या कपड्यांत, पायात दोन वेगळ्या चपला. वाऱ्याने दार लागलं. लॅच, तोच, मी स्वतः बसवलेला, ज्याच्याबद्दल मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगतो, की याला बाहेरून कोणाचा बाप उघडू शकत नाही. किल्ली आत, फोन आत, दुकानाची किल्ली आत, म्हणजे हत्यारंही गेली. कुलूपवाला स्वतःच्याच दाराबाहेर! काकूंना दुसऱ्या कोणाला सांगायची गरजच पडली नाही, सगळा जिना आपण होऊन जमला. कोणीतरी खुर्ची आणून दिली. त्या खुर्चीवर बसताना मला फार लाज वाटली.

शेवटी काकूंनी फोन लावला आणि आला कोण? बाजाराच्या त्या टोकाचा. आल्या आल्या हसला नाही, एवढा मोठेपणा त्याने दाखवला. बराच वेळ खटपट केली, पण लॅच काही दाद देईना. लॅच माझा आहे म्हणून मला अभिमान वाटत होता आणि भूक लागली म्हणून त्याच लॅचला शिव्या देत होतो. मग मी खुर्चीवर बसून त्याला सांगत गेलो, इथे दाब, आता जरा वर उचल, आणि दोघांनी मिळून दार उघडलं.

पण त्याआधी त्याने एक प्रश्न विचारला. अगदी धंद्यातला, मी रोज विचारतो तोच. "काका, दुसरी किल्ली कोणाकडे असते?"

सगळा जिना माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "आत आहे."

तोवर मला कळलं नव्हतं, की फळीवरच्या त्या सगळ्या लोकांत मीही आहे. मी त्यांच्याकडे जरा कीव केल्यासारखा बघत होतो. नवीन जमान्याची माणसं, बिचारी, कोणी नाही यांना. आणि माझी दुसरी किल्ली दारामागच्या खिळ्याला, तू लावून गेलीस तिथेच. मी ती तिथे ठेवली होती कारण मला वाटत होतं, ती हलवली तर तू गेलीस हे खरं होईल.

चहा पिताना त्या माणसाने आणखी एक गोष्ट सांगितली. तुझं कुलूप बसवायला आला तेव्हा तू त्याला म्हणालीस, "पितळी लिव्हरचंच द्या, दुसरं नको. आमच्या घरी तेच चांगलं मानतात." आमच्या घरी म्हणालीस. त्याला शब्द नीट आठवतो का, असं मी दोनदा विचारलं. तो म्हणाला, आठवतो.

पाकिटात हात घाल. कागदात गुंडाळलेली किल्ली आहे. इथली, तुझीच, खिळ्यावरची. ती परत येण्यासाठी नाही. तू या घरात पाऊल टाकलंच पाहिजेस असंही नाही. मी कधी बाहेर अडकलो, किंवा आत पडलो आणि उठता आलं नाही, तर दार उघडायला एक माणूस असावं, एवढ्यासाठी आहे. फळीवर लावायला माझ्याकडे खूप लोक येतात. माझी किल्ली ठेवायला तूच आहेस.

बदल्यात काही मागत नाही. तुझी किल्ली मागायची, हे मनातून काढून टाकलं आहे.

तुझा,
कुलूपवाला


१४ मे

बाईसाहेब,

या वेळी माझं पत्र परत आलं नाही.

पोस्टात चौकशी केली. ते म्हणाले, पोचलं आहे. मग मी घाबरलो. किल्ली पाठवून काही आगाऊपणा केला का? लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "बाबा, आईने ते ठेवून घेतलं असेल." पण तू माझं एकही पत्र ठेवून घेतलेलं नाहीस. सगळी लाल होऊन इथे ड्रॉवरमध्ये पडली आहेत.

मी आठवून आठवून पाहिलं. त्या पत्रात चुका नव्हत्या असं होणं शक्य नाही. निदान एखादा अनुस्वार तरी राहिलाच असणार.

जून जवळ येतोय. मी विचारणार नाही असं ठरवलं आहे. नुसता जून जवळ येतोय, इतकंच लिहितो.

पाटी रंगवणाऱ्याला बोलावलं आहे.

तुझा


६ जून

बाईसाहेब,

काल जे झालं ते तू पाहिलंसच. पण तू काउंटरच्या त्या बाजूने पाहिलंस. या बाजूला काय झालं ते सांगतो, म्हणजे दोन्हींचा ताळा लागेल.

मी यंत्र पुसत होतो. तू बाहेर थांबलीस, मान वर करून नवी पाटी वाचलीस आणि मग आत आलीस. केस कापले आहेस. शोभतात. काल म्हणायचं राहून गेलं, कारण तू काही न बोलता काउंटरवर किल्ली ठेवलीस आणि मी ती ओळखली. पितळी लिव्हरची, लांब मानेची. मी लगेच कोरी किल्ली शोधायला वळलो. आणि तोंडातून सवयीने निघालं, "एक की दोन?"

तू म्हणालीस, "एकच."

मन जरा खट्टू झालं. म्हटलं, झालं. शेजारणीसाठी असणार. बरं आहे, कोणीतरी आहे. मी यंत्र सुरू केलं आणि त्या आवाजात तू म्हणालीस, "करार वाढवला मी. वर्षभरासाठी." मी "बरं" म्हटलं. तुला ते ऐकू आलं की नाही माहीत नाही. मग मी कानस घेऊन दाते घासत बसलो. खरं तर दाते आधीच नीट झाले होते. मान वर करायची नव्हती, म्हणून घासत होतो.

तू परत येणार नाहीस हे मला तेव्हा कळलं. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. तू बंद दाराआड गात होतीस ते आठवलं आणि वाटलं, ते बंद करायला लावणारा मी कोण?

तू नवी किल्ली उचललीस, पर्समध्ये टाकलीस, निघालीस. ओरिजिनल काउंटरवर तशीच. मी ती पाहिली आणि गिऱ्हाइकामागे धावतो तसा धावलो. रस्त्यावर आलो आणि सगळ्या बाजारासमोर ओरडलो, "अहो बाई, तुमची ओरिजिनल राहिली!"

तू वळलीस. आपल्यात अख्खा रस्ता होता, एक हातगाडी मधून जात होती, म्हणून तुलाही मोठ्याने बोलावं लागलं.

"राहिली नाही. ठेवली."

आणि चालू लागलीस. समोरचा घड्याळवाला मला विचारत होता, काय झालं, काय झालं? दुकानात येऊन स्टुलावर बसलो. ते रडू, जे आधी आलं नव्हतं, ते आता आलं. बँकेतली मुलगी तेवढ्यात आली, तिची किल्ली हवी होती, स्वतःची घरात विसरली होती. "काका, काय झालं?" म्हणाली. मी म्हटलं, पितळेचा कीस डोळ्यात गेला. तिने फळीवरची तिची किल्ली घेतली आणि विचारलं, "ही नवीन कोणाची?" कारण तुझी किल्ली मी हातात घट्ट धरून बसलो होतो. मी म्हटलं, "ही फळीवरची नाही."

रविवारी दुपारी येतो, चालेल ना? पत्राने कळव, किंवा हेच पत्र तपासून परत पाठव. लाल शाईत ‘चालेल’ एवढा एक शब्द पुरे.

आलो की बेल वाजवीन. तू गात असलीस तर गाणं संपेपर्यंत बाहेर थांबेन. किल्ली खिशात असेल.

तुझा,
कुलूपवाला
(लू दीर्घ)